बरं वाटतंय, मग गोळी अर्धी करू का?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. आयटीआय करून चाकणला एका कंपनीत लागला होता. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचं बिनसलं. रात्र रात्र झोपायचा नाही. फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजला की "हा मला इशारा आहे" म्हणायचा. रूमवरची मुलं डब्यात काहीतरी घालतात म्हणून जेवण सोडलं. एकटाच बोलायचा. घरी आणला, आधी देवाधर्माचं झालं, मग साताऱ्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रात्री ओलान्झापिन १० मिलिग्रॅमची एक गोळी सुरू केली. पहिले पंधरा दिवस तो गोळी घेईना, म्हणून आई चुरून दुधातून द्यायची. हे त्याला अजून माहीत नाही. दोन महिन्यांत खूप फरक पडला. आता तो इथेच एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला जातो. पण सात महिन्यांत वजन ५८ वरून ६९ किलो झालंय आणि सकाळी उठवत नाही. मेडिकलवाला म्हणाला, "ही स्ट्राँग गोळी, सवय लागते." मोबाइलवर 'ॲटिपिकल अँटिसायकोटिक' असं वाचलं आणि घाबरलो. दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं असंही तिथे होतं, आमचं तर एकदाही तपासलेलं नाही. भाऊ म्हणतो मी बरा झालोय, गोळी बंद. मी म्हणते निदान अर्धी करू. त्यात त्याला एक स्थळ सांगून आलंय. काय करावं?
— एक बहीण

उत्तर:

ताई,

आधी आज रात्रीचं बघू. गोळी पूर्ण घेऊ द्या. अर्धी नको, बंद तर नकोच. उद्या सकाळी साताऱ्याला दवाखान्यात फोन करा आणि पुढच्या तारखेच्या आधीची वेळ मागून घ्या. "वजन अकरा किलो वाढलंय, रक्ताच्या तपासण्या झालेल्या नाहीत आणि पेशंट गोळी सोडायच्या बेतात आहे" एवढं सांगितलं की रिसेप्शनवरचा माणूस पुढचं विचारत बसणार नाही.

आता निवांत बोलू. तुमच्या घरात दोन वेगळ्या प्रश्नांची एकच गाठ बसली आहे. औषध चालू ठेवायचं का, हा एक प्रश्न. वजन आणि सुस्तीचं काय करायचं, हा दुसरा. भावाला वजन नको आहे म्हणून तो औषध नको म्हणतो. तुम्हाला आजार परत नको आहे म्हणून तुम्ही वजनाकडे काणाडोळा करता, आणि मधला मार्ग म्हणून अर्ध्या गोळीवर येता. अर्ध्या गोळीने वजन उतरेल याची खात्री नाही आणि आजार उलटण्याचा धोका मात्र वाढतो. भावाची तक्रार खरी आहे. सव्विसाव्या वर्षी पँट बसेनाशी झाली तर कुणीही वैतागेल. तिच्यावर उपायही आहेत, फक्त ते गोळी चालू ठेवून करायचे आहेत.

गोळी नेमकं काय करते ते सांगतो. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. एक पेशी ते सोडते आणि शेजारची पेशी आपल्यावरच्या 'ग्राहकांनी', म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या खास जागांनी, ते टिपून घेते. त्याच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे समोरच्या शंभर गोष्टींतून एखादीवर 'ही महत्त्वाची, इकडे लक्ष दे' अशी खूण करणं. कंपनीत दिवसभर फोर्कलिफ्टचे हॉर्न वाजतात, चार दिवसांनी ते कुणाच्या कानातही शिरत नाहीत. तुमच्या भावाला जे झालं त्याला आम्ही सायकोसिस म्हणतो. त्यात मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन जास्त आणि अवेळी सुटतं, आणि मग त्या हॉर्नवरही खूण पडते. खूण पडली की मन अर्थ शोधायला लागतं. हा माझ्याच वेळी कसा वाजला? कोणी वाजवला? रूमवरच्या मुलांना हे ठाऊक असणार. अशी एकेक कडी जोडली जाते. तुम्ही त्याला "असं काही नसतं रे" म्हणून कितीदा समजावलं असेल, पण त्याच्या दृष्टीने हॉर्न तर खरोखरच वाजला होता.

ओलान्झापिन डोपामिनच्या 'डी-टू' नावाच्या ग्राहकांवर जाऊन बसतं, त्यामुळे सुटलेलं डोपामिन पूर्वीइतकं टिपलं जात नाही. गोळी तिथे पोचते काही तासांतच, पण माणूस बरा व्हायला आठवडे लागतात. आधी झोप येते, मग आदळआपट आणि अस्वस्थपणा कमी होतो, आवाज मागे पडतात आणि संशय सगळ्यात शेवटी सैल होतो. नव्या खुणा पडायच्या थांबल्या तरी जुनी रचलेली गोष्ट मनाने सोडायला वेळ घेतेच. तुमच्याकडे दोन महिने लागले. चांगला वेग आहे हा.

'ॲटिपिकल' या शब्दाला घाबरायचं कारण नाही. या जातीचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसमध्ये १९५२ साली मानसिक आजारासाठी वापरात आलं. पुढे हॅलोपेरिडॉल आलं, ते आजही वापरलं जातं. या जुन्या औषधांनी आवाज आणि संशय ओसरायचे, पण डोपामिन हालचालींनाही लागतं. म्हणून अंग ताठायचं, हात थरथरायचे, चालताना पाय घासायचे, चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही. गावात कोणाला 'मेंटलची गोळी' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हाच माणूस. मग क्लोझापिन निघालं आणि ताठरपणा न आणताही गुण येऊ शकतो हे दिसलं. पण १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या, त्यात मृत्यूही झाले. ते औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं आणि पुढे रक्त तपासत राहण्याच्या अटीवर परत आलं. मोबाइलवर तुम्ही वाचलेलं दर आठवड्याचं रक्त त्या क्लोझापिनचं आहे. ओलान्झापिन त्याच्याच घराण्यातलं, अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेलं. त्याला दर आठवड्याची तपासणी लागत नाही. पण काहीच तपासायचं नाही असाही त्याचा अर्थ नव्हे, त्याकडे पुढे येतो.

ही नवी औषधं, म्हणजेच 'ॲटिपिकल', डोपामिनच्या जोडीने सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचेही काही ग्राहक अडवतात, त्यामुळे हालचालींवरचा जाच कमी होतो. बदल्यात ओलान्झापिन आणखी दोन-तीन ठिकाणी हात घालतं. हिस्टामिन नावाच्या आणखी एका रसायनाचे ग्राहक अडतात, म्हणून झोप आणि भूक दोन्ही वाढतात. ॲलर्जीच्या जुन्या गोळीने पेंग येते ती याच दारातून. पोट भरल्याची जाणीव देणारा सेरोटोनिनचा एक ग्राहकही अडतो. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ हे तिसऱ्याच ग्राहकामुळे. भावाला विचारा, रात्री गोळीनंतर काहीतरी गोड किंवा तळलेलं खावंसं वाटतं का. बहुतेक हो म्हणेल. ही हाव औषधाची आहे, "तोंडावर ताबा ठेव" म्हणून त्याला टोचू नका.

गोळीला 'वेड्याची गोळी' म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगून ठेवतो. हेच ओलान्झापिन कॅन्सरच्या केमोथेरपीत उलट्या थांबवायला देतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने तर त्यासाठी १० ऐवजी अडीच मिलिग्रॅमही पुरतात का याचा अभ्यास केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि उत्तर 'पुरतात' असं आलं. बायपोलर आजारातल्या उन्मादातही हेच देतात. म्हणून नुसती स्ट्रिप पाहून आजाराचं नाव कोणी सांगू लागलं तर त्याच्या नादी लागू नका. भावाचं निदान काय आहे ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पहिल्याच झटक्यात पक्कं नाव देता येत नसेल तर ते तसंही सांगतील.

आता अर्ध्या गोळीचा प्रश्न. ओलान्झापिन बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि २० पर्यंत नेतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये असं दिसलं आहे की डी-टू ग्राहकांपैकी ढोबळमानाने ६५ टक्के अडले की गुण दिसू लागतो आणि ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की ताठरपणा, थरथर सुरू होते. मधल्या पट्ट्यात राहायची ही कसरत आहे. शिवाय डोस दुप्पट केला म्हणून अडवणूक दुप्पट होत नाही. पहिल्या पाच मिलिग्रॅममध्ये बराच पल्ला गाठला जातो, वरचे दहा मिलिग्रॅम थोडीच भर घालतात. उलट येताना हेच उलटं लागू होतं: वरून कमी करताना फारसं जाणवत नाही आणि शेवटच्या अडीच मिलिग्रॅमवरून शून्यावर येताना मोठा धक्का बसतो. म्हणून डोस उतरवायची वेळ येते तेव्हा डॉक्टर पायऱ्या लहान करत जातात आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे, कधी महिने, थांबतात. घरी ब्लेडने गोळी कापून हे जमत नाही.

आणि बंद केली तर? इथे बहुतेक घरं फसतात. ओलान्झापिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात, म्हणजे सगळं औषध अंगातून जायला आठवडाभर. त्यानंतरही आजार लगेच दारात उभा राहत नाही. भाऊ सकाळी टवटवीत उठेल, भूक कमी होईल, किलो-दोन किलो उतरतील आणि म्हणेल, "बघ, काय झालं?" पाण्याची पाळी चुकली तरी ऊस आठ-दहा दिवस हिरवाच दिसतो, तसं आहे हे. काहींना एकदम सोडल्यावर झोप उडणं, मळमळ, घाम येणं असा त्रास होतो, तेवढाच काय तो लगेचचा इशारा. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि तोवर गोळीचा आणि त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग "दृष्ट लागली", "साहेब ओरडला म्हणून झालं" अशी कारणं सापडतात. ६५ अभ्यासांची एकत्र मांडणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू असलेल्यांत शंभरात २७ होतं आणि औषध काढून नुसती खोटी गोळी दिलेल्यांत ६४. या आकड्यांतून दोन्ही बाजू दिसतात हे खरं. गोळी घेऊनही काहींचा आजार उलटतो आणि न घेताही काहींचा उलटत नाही. तुमचा भाऊ कोणत्या गटात आहे हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून पहिल्या झटक्यानंतर, पूर्ण बरं वाटू लागल्यापासून निदान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवायचं आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून बघायचं, अशी पद्धत आहे. झटके वारंवार आले असतील तर मुदत लांबते. तुमच्या भावाला बरं वाटू लागून अजून सहा महिनेही झालेले नाहीत. "जन्मभर घ्यायची का?" असं तो विचारील. "आत्ता एवढी मुदत, मग परत बसून ठरवू" असं उत्तर डॉक्टरांच्याच तोंडून त्याच्या कानावर पडू द्या. मुदत माहीत असलेला माणूस गोळी जास्त नेटाने घेतो असा माझा अनुभव आहे.

मेडिकलवाल्याच्या 'सवय लागते' याला फार वेळ देत नाही. या गोळीने नशा येत नाही, तिची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. एकदम सोडल्यावर त्रास होतो हे खरं, पण तो व्यसनाचा पुरावा नाही. मात्र त्याच दुकानात एक गोष्ट बघत जा. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायची नसते. आणि सुटी स्ट्रिप कापून देताना नाव आणि तारखेचा भाग नेमका दुकानातच राहतो. पूर्ण स्ट्रिप मागा. ब्रँड बदलून दिला तर वरचं ठळक नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरांत 'ओलान्झापिन' आणि '१० मि.ग्रॅ.' एवढंच आहे ना ते वाचा. ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' किंवा एखादं अक्षर जोडलेलं असलं तर आत दुसरं औषधही असू शकतं.

आता वजन. तुमचा भाऊ ५८ चा होता. पहिल्या महिन्यात पाच टक्के, म्हणजे तीनेक किलो वाढले की पुढे बरंच वाढणार असं आम्ही धरून चालतो आणि तेव्हाच हालचाल करतो. त्याचं आता जवळपास एकोणीस टक्के वाढलं आहे. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. उपाशीपोटीची साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर, चरबीची तपासणी, रक्तदाब आणि कमरेचा घेर एवढं लगेच करून घ्या. हे खरं तर औषध सुरू करतानाच करून ठेवायचं असतं, मग साधारण तीन महिन्यांनी, नंतर दरवर्षी. ओलान्झापिनने साखर वाढू शकते, क्वचित वजन फारसं न वाढताही. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेला की आपल्याकडे धोक्याचा मानतात. घरात शिवणकामाची टेप असेलच. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोजा.

आकडे हातात आले की डॉक्टरांपुढे साधारण तीन वाटा असतात. हेच औषध ठेवून मेटफॉर्मिन जोडायचं. ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी आहे. मधुमेह नसलेल्यांनाही या वजनासाठी देतात. तिने थोडं उतरतं आणि पुढची वाढ रोखली जाते, अकरा किलो गायब होतील अशी आशा नको. दुसरी वाट, डोस थोडा कमी करून बघायचा. तिसरी, औषधच बदलायचं, उदाहरणार्थ ॲरिपिप्राझोल. ते ग्राहकावर बसून डोपामिनचं काम पूर्ण बंद न करता थोडं चालू ठेवतं, आणि त्याने वजन सहसा फार वाढत नाही. पण काहींना त्याने अशी बेचैनी येते की पाय एका जागी ठरत नाहीत. शिवाय एका औषधावर बसलेली घडी दुसऱ्यावर तशीच बसेल याची खात्री नसते. अमेरिकेत जवळपास १,५०० रुग्णांवर झालेला 'केटी' नावाचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीड वर्षाच्या आत शंभरातल्या ७४ जणांनी दिलेलं औषध सोडलं किंवा बदललं. ओलान्झापिनवाल्यांत हा आकडा सगळ्यांत कमी, ६४ होता, आणि वजन वाढण्यातही पहिला नंबर त्याचाच. तुमच्या घरातली ओढाताण त्या दोन आकड्यांत सगळी आली.

मला विचाराल तर, चांगला गुण आलेल्या मुलाचं औषध मी लगेच बदलत नाही. आधी मेटफॉर्मिन, खाण्यातला बदल आणि तीन महिने. तरीही काटा सरकला नाही तर बदल. पण तुमच्या भावाला तपासलेलं आहे साताऱ्याच्या डॉक्टरांनी, शब्द त्यांचाच.

खाण्याचं मोठं वेळापत्रक करू नका, टिकत नाही. दोनच गोष्टी धरा. गोड चहा आणि थंड पेय बंद किंवा निम्मं. कंपनीत दिवसाला चार-पाच चहा सहज होतात. आणि रात्री गोळीनंतर जी भूक लागते तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा न ठेवता भाजलेले चणे, काकडी, ताक असं काहीतरी आधीच काढून ठेवा. वजन दर रविवारी, एकाच काट्यावर, कॅलेंडरवर लिहायचं, आणि लिहायचं त्यानेच.

सकाळच्या सुस्तीवर एक साधी युक्ती आहे. ही गोळी पोटात गेल्यावर रक्तात सर्वाधिक व्हायला पाच ते आठ तास घेते. रात्री अकराला घेतली तर तिचा भर पहाटे चार ते सातच्या दरम्यान येतो, म्हणजे सकाळच्या पाळीच्या माणसाच्या अगदी मुळावर. आठच्या सुमारास, जेवणाआधी किंवा जेवणाबरोबर घेतली तर सकाळ बरीच मोकळी होते. रात्रपाळीच्या आठवड्यात ती कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, कारण गोळ्या चुकतात त्या नेमक्या पाळी बदलताना. पेंग असेपर्यंत मशिनवर आणि मोटारसायकलवर जपून. दारू आणि ही गोळी एकत्र नको.

विडी-सिगारेट ओढतो का? पत्रात नाही, पण डॉक्टरांना सांगायलाच हवं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत ओलान्झापिन लवकर निकालात काढतं आणि रक्तातली पातळी घटते. उलट, ओढणाऱ्याने एकदम सोडली तर त्याच डोसची पातळी वाढते आणि सुस्ती चढते. हे सगळं धुराचं काम, तंबाखू-चुन्याने असं होत नाही. त्याचे भोग वेगळे! चूर्णांचंही सांगून ठेवतो. मानसिक आजारावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ सालीच लिहून ठेवलं होतं. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं. म्हणजे वनस्पती खोटी नाही. पण ती रक्तदाब उतरवते, मन उदास करू शकते, आणि ओलान्झापिनवर तिची भर घालणं धोक्याचं आहे. देवाला जायचं तर खुशाल जा. पुडी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायची नाही.

अंग ताठून सणसणीत ताप आणि बरळणं सुरू झालं तर तारखेची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात. क्वचित होतं, पण जिवावरचं असतं. खूप तहान आणि सारखी लघवी लागली तर त्याच दिवशी साखर तपासा.

आता आईच्या दुधाबद्दल. या माउलीला मी दोष देणार नाही. पोरगं उपाशी, झोप नाही, गोळी थुंकतंय, अशा वेळी घराघरात हे होतं. पण ते गुपित आता तुमच्याच मुळावर आलं आहे. भावाचा हिशेब बघा. त्याच्या मते पहिले पंधरा दिवस त्याने गोळी घेतलीच नाही, आणि तरी झोप लागायला लागली, डोकं शांत व्हायला लागलं. म्हणजे तो आपोआपच बरा होत होता, गोळी मागाहून आली! "मला गोळीची गरज नाही" हा त्याचा युक्तिवाद त्या दुधाच्या पेल्यावर उभा आहे. आणि उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर? 'डब्यात काहीतरी घालतात' असा ज्याला संशय होता, त्याच्या दुधात खरंच काहीतरी घातलं जात होतं. म्हणून हे आईनेच सांगायचं, डॉक्टरांसमोर, तो आज बरा आहे तोवर. चिडेल, चार दिवस बोलणार नाही. तेवढं सोसा. पुन्हा कधी तो गोळी नको म्हणाला तर तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, काही औषधांची महिन्याने घ्यायची इंजेक्शनं आहेत, पण सगळं त्याला सांगून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपला आजार आणि उपचार समजून घ्यायचा हक्क त्याला दिलेला आहे. पुन्हा बिघडलो तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, आपल्या वतीने कोणी बोलायचं, हेही त्याला आत्ताच लिहून ठेवता येतं. बरा असताना हे काम करून घेणं चांगलं. अडीअडचणीला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

स्थळाचं. सांगायचं की नाही हा निर्णय भावाचा आहे, तुमचा किंवा मामांचा नाही. माझं मत विचारलंत तर सांगावं, आणि बोलणी पुढे सरकायच्या आधी सांगावं. नीतीचा भाग एकीकडे ठेवला तरी व्यवहार बघा: लपवलं तर रोज रात्री गोळी चोरून घ्यावी लागणार, आणि चोरून घ्यायची गोळी हमखास चुकते. लग्नाची धावपळ, जागरणं, पाहुण्यांनी भरलेलं घर, यात झोपेचा बट्ट्याबोळ होतो आणि त्याच्या आजाराला झोपमोड अजिबात मानवत नाही. सांगून नकार आला तर आला. यंदाच उरकायची घाई कशाला, हे मात्र मला कळलेलं नाही. औषध आणि वजन यांची घडी बसायला सहा महिने द्या की.

साताऱ्याला जाताना फाइल, चालू स्ट्रिप, वजनाचे लिहिलेले आकडे आणि शिफ्टचं वेळापत्रक न्या. आत गेल्यावर आधी त्याला बोलू द्या. आणि पाच मिनिटं तुम्ही आणि आई बाहेर बसा. झोपेबद्दल, लैंगिक तक्रारींबद्दल, किंवा गोळ्या खरंच किती चुकल्या याबद्दल तुमच्यासमोर तो बोलणार नाही, आणि डॉक्टरांना डोस ठरवायला नेमकं तेच हवं असतं.